ऑपरेटरबाईंची चाळणी

गाद्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढून ज्या बाईला दुपारी कधी डुलकी आली नाही, तिच्याबद्दल नव्या माणसाला नवल वाटणारच. इकडे गादी, तिकडे गादी, जिन्याखाली गादी, मालकांच्या केबिनमागं तर नमुन्याच्या गाद्यांची अख्खी खोली. जेवणानंतर निम्मं ऑफिस पेंगायचं. बाई मात्र टक्क जाग्या. जुनी माणसं नव्यांना सांगायची, "त्यांना झोप येणार कशी? दोनशे माणसांची गुपितं आहेत पोटात. ती कुशीवर वळू देत नाहीत."

हे अगदीच खोटं नव्हतं. बाई तेविसाव्या वर्षी कारखान्यात लागल्या त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. दारातून आत आलं की डाव्या हाताला काचेची खोली, त्यात बटणांचा बोर्ड, बाहेरच्या दहा लाइनी आणि आतले साठ फोन. फोन जोडून द्यायचा, लागला का तेवढं ऐकायचं आणि कानावरचं काढून ठेवायचं, असा नियम. पण दोन नंबरच्या लाइनीत काहीतरी बिघाड होता. बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला की लाइन तुटायची. दुरुस्तीवाले चार वेळा आले, चहा पिऊन गेले. त्यामुळं दोन नंबरवर जे जे बोललं गेलं ते सगळं बाईंना ऐकावं लागलं. ती लाइन नेमकी मालकांची होती. मालक दर गुरुवारी साडेतीन वाजता दार लावून कुठल्याशा गायनमास्तरांकडून फोनवर गाणं शिकायचे. मास्तर तिकडून ओरडायचे, "वर घ्या, वर घ्या!" आणि मालक आवाजाऐवजी रिसीव्हर वर घ्यायचे. बाई ओठ दाबून धरायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही.

घरीही नाही. सासूबाईंना सुनेच्या नोकरीत एवढा एकच रस होता.

"काय झालं गं आज ऑफिसात?"

"काही नाही, आई."

"दोनशे माणसं आठ तास बसतात आणि काही होत नाही?"

"गाद्या होतात."

सासूबाई मुलाकडं वळून म्हणायच्या, "ही सून आहे की कुलूप?" मुलगा, म्हणजे बाईंचे यजमान, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे आणि काचा घासायचे. त्यांचा स्वभावही असा, की आरशानंसुद्धा त्यांना काही विचारू नये. ते पेपर जरा वर धरायचे.

पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि बोर्ड मुका झाला. दिवसाला चार फोन यायचे, त्यातले दोन चुकून लागलेले. बाई बोर्डासकट निघणार अशी बोलवा उठली. त्याच सुमाराला ऑफिसात इंटरनेट आलं आणि ते बसवायला आलेला माणूस एक जाडजूड पुस्तक काचेच्या खोलीत विसरून गेला. बाईंना काम नव्हतं. त्यांनी ते पुस्तक वाचलं. कळलं नाही, म्हणून परत वाचलं. सहा महिन्यांनी सगळ्या ऑफिसचं नेट बंद पडलं तेव्हा तो माणूस फोन उचलेना, आणि बाई टेबलाखाली शिरून दहा मिनिटांत नेट चालू करून बाहेर आल्या. केसांत जळमटं, हातात वायर. मालक म्हणाले, "हे तुमच्याकडंच ठेवा." झालं. चिंध्या ठेवायची खोली रिकामी करून तिला सर्व्हर रूम म्हणू लागले. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथं चोवीस तास थंड हवा. साऱ्या इमारतीत एवढी एकच खोली थंड, त्यामुळं उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरला काही ना काही व्हायचं आणि तो स्वतः जातीनं सांगायला यायचा. हुद्दा बदलला तरी लोक त्यांना 'ऑपरेटरबाई'च म्हणत राहिले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांचे जावई कामावर रुजू झाले.

जावई वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर सतत असे भाव, की बसची वाट बघतोय आणि बस भलत्याच गावाला निघालीय. सासऱ्यांनी त्याला 'व्यवस्थापन' दिलं होतं. म्हणजे नेमकं काय, ते सासऱ्यांनाही माहीत नव्हतं. एक दिवस तो ऑर्डर विभागातून जात असताना त्याला एका स्क्रीनभोवती सात डोकी दिसली. स्क्रीनवर एक हत्तीण वीत होती. सातही जणांचे श्वास रोखलेले. पिल्लू जमिनीवर पडलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मागं व्यवस्थापन उभं.

तो तडक सर्व्हर रूममध्ये आला.

"मॅडम, नेटला चाळणी बसवता येते ना?"

"येते."

"मग आजवर का नाही बसवली?"

"कोणी मागितली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं यादी आणली. खेळ बंद, सिनेमा बंद, करमणूक बंद, गप्पा बंद, खरेदी बंद, नोकरी शोधायच्या साइट तर आधी बंद. शिवाय एका वेगळ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात, जरा लाजत लिहिलेले चाळीस शब्द. हे शब्द ज्या पानावर दिसतील ते पान उघडता कामा नये. बाईंनी चष्मा लावला आणि किराणा तपासावा तशी पेन्सिल फिरवत यादी तपासली.

"साहेब, यातलं 'बेड' काढा."

"का?"

"आपण गाद्या विकतो."

"मॅडम, त्या शब्दाखाली लोक काय काय बघतात याची तुम्हाला कल्पना नाही."

"आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आपले लोक त्या शब्दाखाली गाद्याच बघतात. नोंद राहते सगळी. 'रबर'ही काढा. 'रात्र'ही काढा."

जावयाचे कान लाल झाले. "एकही शब्द काढायचा नाही."

"मग तसं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. त्याच्या स्वतःच्या केबिनला यातलं काही लागू नसावं, हेही लिहून दिलं. दर आठवड्याला कोण कुठं किती वेळ होता याचा 'संपूर्ण' अहवाल हवा, तेही लिहून दिलं. बाईंनी तिन्ही कागद फायलीत लावले. साइट बंद असली की एक लाल पान दिसावं, मधोमध आडवा हात, आणि त्याखालचा मजकूर त्यानं तोंडानं सांगितला, तो बाईंनी जसाच्या तसा टाकला: 'ही साइट तुमच्या कामाची नाही. कामाला लागा. – व्यवस्थापन.'

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसात लाल रंगाची साथ आली. खरेदीवाल्याला रबराचे तक्ते मागवायचे होते, त्याला लाल हात. जाहिरातवालीला दुसऱ्या कंपन्यांच्या गाद्या बघायच्या होत्या, तिला लाल हात. हवामान बघणाऱ्यालाही लाल हात, कारण त्यात 'रात्रीचं तापमान' होतं. आणि ज्यांना नुसताच वेळ घालवायचा होता, ते मोबाइल घेऊन संडासात जायला लागले, कारण तिथं रेंज चांगली होती. संडासाबाहेर रांगा लागल्या. माणसं आत गेली की अर्धा अर्धा तास बाहेर येईनात. आतून मधूनच 'आऊट!' असं ओरडणं ऐकू यायचं. जावयाला वाटलं पोटाची साथ आलीय. त्यानं ताबडतोब पाण्याची टाकी धुऊन घेतली.

तिसऱ्या दिवशी मालकांकडं त्यांचे एक जुने गिऱ्हाईक आले. पंचवीस वर्षं मालकांच्या गाद्या विकणारे, पोट सुटलेले, खळाळून हसणारे गृहस्थ. त्यांना कारखान्याची सगळ्यात जास्त खपणारी डबल बेडची गादी, नाव 'मधुरात्र', नव्या कापडात दाखवायची होती. मालकांनी मोठ्या ऐटीत आपल्याच कंपनीची साइट उघडली. लाल पान, आडवा हात.

दोन मिनिटांत बाईंना बोलावणं.

"बाई, हे व्यवस्थापन कोण?"

"आपले जावई."

"आणि मी कोण?"

"आपण मालक."

"मग मला 'कामाला लागा' कोण म्हणतंय?"

"व्यवस्थापन," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

गिऱ्हाईक इतके हसले, इतके हसले, की त्यांना नमुन्याच्या खोलीत नेऊन आडवं करावं लागलं. मालकांनी जावयाला बोलावलं. दार बंद झालं. आतून काय ऐकू आलं ते बाईंनी कुणाला सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती, कारण ते पार शिलाई खात्यापर्यंत ऐकू गेलं होतं. संध्याकाळी 'बेड', 'रबर' आणि 'रात्र' मोकळे झाले. बाकीची चाळणी राहिली. पोरीच्या नवऱ्याला जास्तच बोललो, असं वाटून मालकांनी साप्ताहिक अहवालाला हो म्हणून टाकलं. येत्या सोमवारपासून बैठकीत यादी नावानिशी वाचली जाणार होती.

आता गोडाऊनच्या मुकादमाकडं यायला हवं.

त्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर 'मुकादम'. तीस वर्षं तो तयार गाद्या ट्रकमध्ये चढवून घेत होता. कुठली गादी कुठं जाणार हे त्याच्या तोंडपाठ, आणि ते तो असा ओरडून सांगायचा, की रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही आपला माल आला का ते कळावं. जाड मान, पांढऱ्या मिशा, आणि कुणी उलट विचारलं तर एक वाक्य ठरलेलं: "मला शिकवतोस?"

चाळणी लागली त्याच दिवशी तो सर्व्हर रूममध्ये घुसला होता.

"बाई, गोडाऊनचं नेट का बंद केलंत?"

"बंद नाही केलं. काय उघडत नाही?"

"ते तुम्हाला कशाला? ट्रकचं बघायचं असतं आम्हाला."

"ट्रकचं चालू आहे."

"चालू आहे म्हणे!" असं म्हणून तो दार आपटून गेला.

बाईंनी नोंद काढली. एकतीस नंबरचं यंत्र, गोडाऊन. दोन महिने, रोज, जेवणाच्या सुट्टीत, एक दहा ते पावणेदोन: 'ससुल्याची शाळा'. लहान मुलांचं कार्टून. निळी चड्डी घातलेला एक ससा. बाईंना इतकं हसू आलं, की बोर्डाच्या दिवसांसारखे ओठ दाबावे लागले. भोंगा, आणि ससुल्या! मग त्यांनी भागांची नावं बघितली. भाग पहिला, 'अ' आणि 'आ'. तो त्यानं नऊ वेळा बघितला होता. भाग दुसरा, 'इ' आणि 'ई', अकरा वेळा. असं करत करत 'क', 'ख', आणि शेवटचा 'ग'. त्यापुढं लाल हात.

हसू जिथल्या तिथं राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या एक वायर घेऊन गोडाऊनकडं गेल्या. गाद्यांच्या उंच थप्प्यांमधून वाट काढत शेवटच्या कोपऱ्याशी पोचल्या, आणि थबकल्या. मुकादम पाठमोरा बसला होता. समोर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली उभी गादी, हातात शिंप्याचा खडू. गादीवर वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. ग. ग. ग. काहींची काठी सुटून लांब गेलेली, काही पार आडवे झोपलेले. तो एक काढायचा, मान तिरकी करून बघायचा, मनगटानं पुसायचा, परत काढायचा. एवढा मोठा माणूस, आणि त्याचं सगळं जग 'ग'पाशी येऊन अडलं होतं.

बाई उलट्या पावली दारापर्यंत मागं आल्या. मग चपला फटाफट वाजवत आणि खोकत परत निघाल्या. कोपऱ्याशी पोचल्या तेव्हा गादी पुसलेली होती आणि मुकादम उगाचच थप्प्या मोजत होता.

"काय हवंय?" तो गुरगुरला.

"काही नाही. वायर बघायला आले होते."

आता त्यांना एकेक आठवायला लागलं. काचेच्या खोलीत असताना हा माणूस महिन्यातून दोनदा तरी कागद घेऊन यायचा. "बाई, जरा वाचून सांगा, चष्मा घरी राहिला." त्या वाचून द्यायच्या. एकदा त्यांनीच म्हटलं होतं, आमच्या यजमानांच्या दुकानात जा, एक जास्तीचा करून घ्या. आणि नुकतंच काय झालं होतं? लेबलं बदलली होती. आजवर प्रत्येक लेबलाला रंगीत पट्टी असायची. लाल म्हणजे कडक, निळी म्हणजे नरम, पिवळी म्हणजे लहान मुलांची. जावयानं सुटसुटीतपणा म्हणून पट्ट्या काढून टाकल्या. नवं लेबल म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी यजमानांना विचारलं, "अहो, आमचे गोडाऊनचे मुकादम तुमच्याकडं चष्म्याला आले होते का हो कधी?"

"आले होते. नऊ वर्षं झाली."

"मग?"

"नजर घारीसारखी. नंबर शून्य."

"मग चष्मा कशाला हवा होता त्यांना?"

यजमानांनी घास संपवला, पाणी प्यायले. "अक्षरांचा तक्ता लावला तर म्हणाले, हा नको, आकड्यांचा लावा. आकडे शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचले."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं!"

"हं."

"आणि नऊ वर्षांत मला बोलला नाहीत?"

"गिऱ्हाइकाची गोष्ट," ते म्हणाले, आणि ताटात बघायला लागले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माझ्या नशिबी दोन दोन कुलपं!"

बाई रात्री अंथरुणावर फार विचार करत बसल्या नाहीत. विचार करण्यासारखं नव्हतंच काही. सकाळी गेल्या गेल्या त्यांनी एकतीस नंबरच्या यंत्राला 'प्रशिक्षण' या खात्यात टाकलं आणि ससुल्या मोकळा केला. अडचण पुढची होती. मोकळं केलंय हे मुकादमाला कळायला हवं, आणि आपल्याला काय कळलंय ते मात्र कळता कामा नये. तो माणूस लाजेनं नोकरी सोडून जायलाही कमी करणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

त्या गोडाऊनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सात-आठ हमाल बसलेले.

"मुकादम, तुमच्या कॉम्प्युटरचं एक सांगायचं होतं. तो फार जुना आहे. चाळणी त्याच्यावर बसतच नाही. मी तीन दिवस झटतेय, मला काही जमेना. तेव्हा तिथं सगळं उघडं राहणार. साहेबांना कृपा करून सांगू नका, माझी नाचक्की होईल."

मुकादमानं त्यांच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मिशीखाली हळूहळू हसू पसरलं.

"एवढंही येत नाही तुम्हाला?"

"नाही येत."

"आणि पगार घेता कॉम्प्युटरचा!" हमाल खदाखदा हसले. मुकादमाला आणखी चेव आला. "आमच्याकडं असं चालत नाही, बाई. गादी चुकीच्या ट्रकमध्ये गेली की गेली. तुमचं आपलं बरंय, थंड खोलीत बसायचं!"

बाईंनी मान खाली घातली. मनातून त्यांना त्याच्या डोक्यात वायरचं भेंडोळं घालावंसं वाटत होतं. पण पावणेदोनला त्यांनी नोंद बघितली, तर 'घ' चालू झाला होता.

सोमवार उजाडला. नऊला बैठक, आणि पावणेनऊलाच जावयानं बाईंना नमुन्याच्या खोलीत बोलावलं. त्याच्या मोबाइलवर अहवालाची मेल आली होती. चेहरा उजळलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपली बस आल्यासारखी वाटत होती.

"मॅडम, हे बघितलंत? गोडाऊन. कार्टून! रोज पस्तीस मिनिटं! हा माणूस सगळ्यांवर ओरडत फिरतो आणि स्वतः ससा बघतो. आज मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे, की ससुल्या आपला कोण लागतो."

"विचारा," बाई म्हणाल्या. "पण मग यादी वरपासून वाचा. गोडाऊन बरंच खाली आहे."

"सगळ्यात वर कोण आहे?"

"ते मेलमध्ये येत नाही. ज्या यंत्रांना सूट आहे त्यांचं पान वेगळं निघतं. तुम्ही 'संपूर्ण' लिहून दिलं होतं, म्हणून मी छापून आणलंय." आणि त्यांनी घडी घातलेला कागद पुढं केला.

सूट असलेलं यंत्र एकच होतं. सात नंबर. आठवड्यात अकरा तास वीस मिनिटं. सगळा वेळ नोकरी शोधायच्या साइटवर.

जावई मटकन खाली बसला. बसला तो नेमका सगळ्यात मऊ गादीवर. ती त्याला घेऊन इतकी खाली गेली, की गुडघे हनुवटीला लागले. त्याच अवस्थेत त्यानं विचारलं, "तुम्ही वाचलंत?"

"यंत्र छापतं. मी पानं लावते."

त्यानं कागदाची चार वेळा घडी घातली. मग म्हणाला, "मॅडम, मला गाद्या आवडत नाहीत. लग्नाआधी मी पुलांचे आराखडे करायचो. मोठे पूल. नदीवरचे. सासरे म्हणाले, घरचंच आहे, सांभाळा. नाही कसं म्हणणार? आता रोज सकाळी उठतो आणि फोम." शेवटचा शब्द त्यानं असा उच्चारला, की बाईंनाही क्षणभर फोमची घृणा वाटली.

"सासऱ्यांना सांगणार का तुम्ही?"

"साहेब, तुमच्या सासऱ्यांनी दोन नंबरच्या लाइनीवर काय केलं, ते मी तुमच्या सासूबाईंनासुद्धा कधी सांगितलेलं नाही."

जावई घाबरून बघायला लागला. "काय केलं?"

"तेच म्हणते मी. सांगत नाही."

त्याला हसू आलं. बाईंनी हात दिला, तेव्हा कुठं तो गादीतून वर आला. शर्ट सारखा करता करता त्यानं विचारलं, "मग तो ससा काय आहे?"

"प्रशिक्षण."

"कसलं?"

बाईंनी दार लागलंय का ते बघितलं. "नव्या लेबलांचं."

जावई मूर्ख नव्हता. त्यानं बाईंकडं बघितलं, मोबाइलवर 'घ आणि च' असं लिहिलं होतं तिकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "पट्ट्या मीच काढल्या."

"हो."

"परत लावू?"

"आता नको. गाडी चालायला लागलीय. पट्ट्या लावल्यात तर सोडून देतील."

नऊच्या बैठकीला गर्दी झाली होती. कुणाकुणाची लाज निघते ते बघायला जी माणसं एरवी कधी येत नाहीत तीही आली होती. जावई उभा राहिला आणि म्हणाला, "या आठवड्यात एकूण वापर गेल्या आठवड्याइतकाच. नावं वाचायची गरज नाही. यापुढं जेवणाच्या सुट्टीत सगळं मोकळं राहील. कामाला लागा." लोकांचा फार मोठा विरस झाला. मुकादम मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो सगळ्यांत आधी निघून गेला.

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकाचं दुसऱ्याला सांगितलं होतं, आणि तेही अर्धंच.

पाच महिन्यांनी जावयानं सासऱ्यांना सगळं स्वतःच सांगितलं. मालक पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "कुठला पूल, दाखव तरी." आता तो कुठल्याशा नदीवर पूल बांधतोय, आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पुलाचा फोटो दाखवतात. चाळणी बाईंच्या हातात राहिली. विषाणू आणि लबाडीच्या साइट तेवढ्या त्यांनी अडवल्या, बाकी जाळी सैल केली. संडासाबाहेरची रांग आपोआप संपली.

आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मुकादम सर्व्हर रूमच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना.

"बाई, ते सशावाले पुढचे भाग टाकत नाहीत."

बाईंनी डबा बाजूला केला. "'ज्ञ'पर्यंत झालं?"

"झालं. पण लेबलावर एकाला एक चिकटलेली असतात. ती कुठली, ते कळत नाही."

"जोडाक्षरं."

"असतील." तो जमिनीकडं बघत होता. हे सगळं तो इतक्या हळू आवाजात बोलला, की भोंगा हाच का, अशी शंका यावी. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

त्यानं एकदा त्यांच्याकडं रोखून बघितलं, आणि समोरची खुर्ची ओढली.

तेव्हापासून सुट्टीतली वीस मिनिटं शिकवणी. लोकांना तो सांगायचा, "थंड आहे म्हणून बसतो तिथं." खोलीत वाचण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक कॅलेंडर, आणि दाराशी आग विझवायचं लाल नळकांडं. कॅलेंडर आठवड्यात संपलं. मग त्यानं नळकांड्याकडं खुर्ची वळवली आणि त्यावरच्या सूचना बोट ठेवून वाचायला लागला.

"प... र... थ... म..."

"प्रथम."

"प्रथम. पिन. ओढा." तो थांबला. परत वाचलं. "प्रथम पिन ओढा?"

"हो."

"आणि मग दांडा दाबायचा?"

"हो. नळी आगीच्या बुडाशी धरायची, मग दांडा दाबायचा. का?"

मुकादमाचा रंग उडाला होता. तो गोडाऊनमध्ये सगळ्यांत जुना, म्हणून आगीची कवायत वर्षानुवर्षं तोच घ्यायचा. सगळ्या कामगारांना अंगणात उभं करायचा, पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवायचा, आणि पिन तशीच ठेवून जीव खाऊन दांडा दाबायचा. नळकांड्यातून काही निघायचं नाही. मग तो त्या नळकांड्याच्या कंपनीला शिव्या घालायचा आणि बादलीभर पाणी ओतून आग विझवायचा. दरवर्षी तीन नळकांडी 'खराब' म्हणून परत जायची. कंपनी बिचारी दरवर्षी तीन नवी पाठवायची.

"तीस वर्षं," तो पुटपुटला. "बाई, ही गोष्ट..."

"कुठली गोष्ट?" बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात कवायत होती. दोनशे माणसं अंगणात. बाई खिडकीत. मुकादम पुढं झाला, छाती फुगवली आणि गरजला, "नवा नियम आलाय! आधी पिन ओढायची!"

"कुठून आला नियम?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला शिकवतोस?" मुकादम म्हणाला, आणि त्यानं पिन ओढली. पण पिन निघाल्यावर नळकांडं खरंच चालतं, याची सवय त्याला नव्हती. ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याकडं तोंड करून तो उभा होता, आणि हात ठरल्याप्रमाणं दांड्यावर पडला. पांढऱ्या पावडरीचा लोट सुटला, तो पहिल्या चार रांगा पार करून गेला. शिलाई खातं, ऑर्डर विभाग, खरेदीवाला, झाडून सगळे भुतासारखे पांढरेफटक. डब्यातली आग बाजूला आपली निवांत जळत होती. त्या धुराळ्यातून मुकादम खोकत, मिशा झटकत बाहेर आला आणि ओरडला, "बघितलंत? या वेळचा माल चांगला आहे!"

बाईंनी ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला, पण या खेपेला ते काही जमलं नाही. खिडकीतून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की खाली दोनशे पांढरे-काळे चेहरे वर बघायला लागले.